सीडीले लावलेली तीट

आमच्या घरात सगळ्यांत पहिले नजर लागली ती कॉम्प्युटरले.

रायपूर नवीनच राजधानी झालं होतं, अन् पुरानी बस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत नवीनच कॉम्प्युटर आलं होतं. त्याच्यात आमच्या पोट्टीचे, चिऊचे, जन्मापासूनचे फोटो, सगळे मीच काढलेले. कॅमेरा माझ्या भावाचा, भाऊ तो घेऊन नागपूरले गेला. दुपारी सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ खिडकीत निवांत उतरे, चिऊ मांडीवर पेंगे, अन् मी तिचेच फोटो पाहता पाहता कुठच्या कुठं जाऊ!

एक दिवस हे म्हणाले, "अवं, हा डब्बा कधी बंद पडन, भरोसा नाही. फोटोंच्या सीड्या करतो. दोन. एक गेली तर दुसरी."

"बंद पडन?" मी चिऊले घट्ट धरलं! (मी आठवी पास. मले वाटलं, पोट्टी आतमधेच राहीन अन् बाहेरून कुलूप!)

सीड्या झाल्या. एक उन्हात धरली तर भिंतीवर इंद्रधनुष्य! चिऊ त्याले पकडाले जाय, ते तिच्याच हातावर चढे. इतकं सुंदर, इतकं सुंदर, की मले भीतीच वाटली. घेतली काजळाची डब्बी, अन् चमकत्या बाजूले ठसठशीत तीट! मग दुसरीलेही. (ती काय सावत्र होय?)

पुढच्याच हप्त्यात लाईट गेली, आली, गेली, अन् कॉम्प्युटरातून धूर!

"रडू नको, सीडी आहे ना!" ह्यांनी सीडी काढली. तिले पाहिलं. मग मले पाहिलं. "हे काय होय?"

"तीट."

"काहून?"

"नजर लागू नये म्हणून."

"अन् दुसरी?"

मी पदर तोंडात कोंबला.

चिऊले कडेवर घेऊन, स्कूटरवर बसून, सदर बाजारापर्यंत मी एवढे नवस बोलली की देवही मोजता मोजता थकला असंन. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या भैयानं सीडी उलटी-सुलटी पाहिली. "दीदी, शादी है क्या इसकी?"

"भैया, मेरी पोट्टी है इसमें!"

त्यानं साबण लावला, मऊ फडक्यानं पुसली, मशीनमधे घातली. घर्रर्र... घर्रर्र... अन् चिऊ हसली! स्क्रीनवर! मी तिथंच रडाले लागली.

पण हर फोटोच्या कोपऱ्यात काळा डाग!

"भैया, काजल रह गया! और घिसो ना!"

भैयानं एकेक फोटो पुढं सरकवला. मग हळूच म्हणे, "दीदी, काजल नहीं है. आपका अंगूठा है."

इतक्या दुपारी पाहिले, पण माझी नजर चिऊच्या तोंडावरून कोपऱ्यात गेली तर ना! म्हणजे तीट तर मी फोटो काढतानाच लावून बसली होती. काजळ फुकट गेलं!