शाल, श्रीफळ आणि माईक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी चिडणार आहे, आणि मी चिडलो की कुणी हसलेलं मला खपत नाही.

लोकांची अब्रू चारचौघांत जाते. माझी चार-पाच हजार माणसांसमोर गेली, तीही निवेदन, शाल-श्रीफळ आणि टाळ्यांसकट. बरं, दुसऱ्या कुणी घालवली म्हणावी तर तेही नाही. सगळी व्यवस्था मीच केली होती!

मी केंद्र सरकारचा नोकर. मूळ कराडचा. बदल्या होत होत चार वर्षांपूर्वी चंदीगडला येऊन पडलो. घरी बायको सुनंदा आणि मुलगी ऋता. ऋता वाढली भोपाळ, जयपूर, दिल्ली अशी. त्यामुळे आमच्या घरात मी मराठीत ओरडतो आणि ती हिंदीत उत्तर देते. सेक्टर एकोणचाळीसच्या सरकारी संस्थेत पीएचडी करत होती. एके दिवशी जेवताना मान खाली घालून म्हणाली, "बाबा, मैं पीएचडी छोड़ रही हूँ. बँड करना है."

बँड म्हणजे ती आणि तिचे तीन मित्र. इंडस्ट्रियल एरियात एका बंद पडलेल्या वर्कशॉपात संध्याकाळी जमायचे आणि कानठळ्या बसवायचे. मला वाटायचं, चालू दे, पोरगी दिवसभर प्रयोगशाळेत असते, तेवढाच विरंगुळा. हा विरंगुळा माझ्याच ताटात येऊन पडेल असं कुठं वाटलं होतं?

मी ताट सरकवलं. आणि माझं हुकमी वाक्य काढलं. "मीसुद्धा बँड सोडला होता! तुमच्यासाठी!"

हे वाक्य मी गेली पस्तीस वर्षं वापरतोय. प्रमोशन हुकलं, की हे वाक्य. गॅस संपला, की हे वाक्य. आणि ते खोटं नव्हतं हो! इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर आम्ही चौघांनी बँड काढला होता. मी ड्रमवर, आणि गिटारवर माझा रूममेट बाळकृष्ण, म्हणजे बाळ्या. शेवटच्या वर्षाला वडिलांचं पत्र आलं, की घर तुझ्याकडे बघून आहे, सरकारी परीक्षेला बस. मी बसलो. बँड सोडला. आणि तो बँड? तो पुढं गाजला! देशभर, परदेशात, अजून वाजवतायत. नाव सांगणार नाही, तुमच्यापैकी अर्ध्यांकडे कॅसेटी असतील. बाळ्याला आता सगळं जग बॉबी म्हणतं.

"तुमच्यासाठी म्हणजे कुणासाठी हो?" सुनंदा भात वाढता वाढता म्हणाली. "मी तेव्हा शाळेत होते."

"तत्त्व बघ, तत्त्व!" मी म्हणालो.

ऋता शांतपणे उठली. "बाबा, आपने छोड़ा, इसलिए मुझे भी छोड़ना पड़ेगा? ये कौन सा लॉजिक है?" आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. दीड महिना! "मम्मी, बाबा से कह दो खाना लग गया." मी समोर बसलेलो असायचो, तरी निरोप आईमार्फत. खरं सांगतो, मला ते फार लागलं. एकुलती एक पोर आहे माझी. पण मागं कोण हटणार? मी? माझ्या बाजूला तर पस्तीस वर्षांचा त्याग उभा होता.

आणि नेमका त्याच वेळी बाळ्याचा बँड चंदीगडला येणार म्हणून बोर्ड लागले. चार म्हातारे, काळे गॉगल, सेक्टर सतराच्या चौकात हा एवढा बोर्ड! मी गाडी थांबवून बघत उभा राहिलो. मागून हॉर्न, त्यामागून खास पंजाबी शिव्या. पण माझ्या डोक्यात विचार आला होता. ऋताला घेऊन जायचं. बाळ्याला भेटवायचं. तो स्वतः सांगेल, "बेटी, या धंद्यात काही राम नाही, तुझा बाप शहाणा निघाला." माझं ऐकत नाही ना, बॉबीचं तरी ऐकेल.

होस्टेलच्या ग्रुपवरून बाळ्याचा नंबर काढला. भलामोठा मेसेज लिहिला. उत्तरादाखल अंगठा आला. बास! मी एवढ्यावरच खूश. तुम्ही विचाराल, तिकिटं काढून गप गेला का नाहीत? तीच तर चूक!

मी हे महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत बोललो. मोठ्या तोऱ्यात बोललो. म्हणालो, "तो बँड? मीच तर काढला." आता चंदीगडचं आमचं मंडळ म्हणजे सगळे बदलीवाले आणि फौजी. आमचे अध्यक्ष गोखलेसाहेब, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त. ते ताडकन उठले. "बॉबी मराठी आहे? आणि आपल्या गावात येतोय? मग सत्कार नको?"

झालं! मराठी कलाकार आणि सत्कार नाही, असं कुठं असतं? आपल्याकडे माणूस स्टेजवर चढला, की त्याच्या खांद्यावर शाल पडलीच पाहिजे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हीच तर गंमत आहे. रॉकचा कार्यक्रम आहे, लोक उड्या मारायला येणार आहेत, हे आमच्या कार्यकारिणीतल्या अकरा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. चर्चा काय, तर शाल मरून रंगाची की शेंदरी!

कार्यक्रम भरवणारे भुल्लरजी म्हणून एक गृहस्थ होते. गोखलेसाहेबांनी त्यांना फोन केला. काय सांगितलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी भुल्लरजी माझ्या ऑफिसात हजर. "सरजी! आप फाउंडर हो? पहले बताना था जी! दो गानों के बाद स्टेज आपका. पक्का!"

मी म्हणायला हवं होतं, की नाही हो, चौघांतला एक. पण समोर आमचे डायरेक्टर उभे होते, आणि ते पहिल्यांदाच माझ्याकडे माणूस म्हणून बघत होते. मी नुसता हसलो. भुल्लरजी म्हणाले, "बस, दो लाइन लिख दो आपके बारे में." मी दोन ओळींऐवजी पानभर लिहून दिलं. त्यात 'त्याग' हा शब्द चार वेळा होता.

ऋताला सुनंदानं कसंबसं तयार केलं. "बॉबी से मिलवाएँगे? सच में?" असं तिनं आईला विचारलं. निरोप आईमार्फतच, पण डोळे माझ्याकडे होते. मला वाटलं, अर्धी लढाई जिंकलो.

शाल मिळाली. पण शेंडीचा नारळ? चंदीगडात नारळ म्हटलं की एक तर पाणीवाला हिरवा देतात, नाहीतर सुकं खोबरं. शेवटी मंदिराबाहेरच्या फुलवाल्यानं एक आणून दिला, तो घेऊन संध्याकाळी मैदानाच्या गेटवर गेलो. तिथल्या हवालदारानं पिशवीत हात घातला आणि एकदम मागं सरला.

"ये क्या है?"

"नारियल है. बॉबी को देना है."

"देना है के मारना है?"

गोखलेसाहेब पुढं झाले. "ये हमारा कल्चर है, ऑफिसर!" हवालदार म्हणाला, "कल्चर बाहर रख दो जी." मागं लाइनीत उभी असलेली पोरं खिदळायला लागली. ऋतानं ओढणी डोक्यावरून घेतली आणि चार माणसं मागं जाऊन उभी राहिली. भुल्लरजी धावत आले म्हणून सुटलो.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. खरं सांगू? पहिल्या सुरालाच माझा पाय ठेका धरायला लागला. चार म्हातारे. एकाचा गुडघा गेलेला, तो स्टुलावर बसूनच वाजवत होता. बाळ्याचे केस पांढरेफटक. पण काय वाजवत होते! आजूबाजूची विशीतली पोरं बेभान नाचत होती. ड्रमच्या मागं माझ्या जागी एक टकला माणूस होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि आतून नुसता जळत होतो. ती माझी जागा होती, असं ऋताला कानात ओरडून सांगितलंसुद्धा. तिनं माझा हात एकदा दाबला. दीड महिन्यात पहिल्यांदा!

दोन गाणी झाली. निवेदक आला. "अब मिलिए उस इन्सान से, जिन्होंने ये बँड बनाया! और परिवार के लिए अपने संगीत का त्याग किया!"

पब्लिक पेटलं! मी, गोखलेसाहेब, शाल, नारळ, असे आम्ही वर चढलो. बाळ्यानं मला बघितलं. दोन क्षण गेले, मग ओळखलं आणि घट्ट मिठी मारली. "अरे जाड्या, तू!" मी त्याला शाल पांघरली, नारळ दिला. गिटार गळ्यात आणि नारळ हातात, त्याला काय करावं कळेना. खालून पोरं ओरडायला लागली, "ड्रम! ड्रम! ड्रम!" निवेदकालाही चेव आला. "फाउंडर साब के साथ एक गाना हो जाए?"

तेव्हा बाळ्याचा चेहरा पडला. ड्रमवरच्या टकल्यानं तर दोन्ही काठ्या छातीशी धरल्या. माझ्या ते ध्यानात आलं, पण मला वाटलं, जुन्या आठवणींनी गहिवरले असतील.

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण सत्कार झाला आणि सत्कारमूर्ती दोन शब्द बोलले नाहीत, हे आपल्या रक्तातच नाही. मी माईक घेतला, आणि स्वच्छ मराठीत म्हणालो, "बॉबी ऊर्फ बाळकृष्ण यांनी आपलं मनोगत व्यक्त करावं, अशी मी त्यांना विनंती करतो." वर हळूच कानात, "माझ्या मुलीसाठी बोल रे. खरं काय ते सांग."

तो खरं काय ते बोलला. हिंदीत, म्हणजे मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या कुल्फीवाल्यालाही कळावं असं.

"दोस्तों, ये मेरा रूममेट. दिल का राजा. बस, ड्रम पे बैठता तो गाना अपने आप भागने लगता. शुरू करते पैदल, खतम होता दौड़ते हुए! हमें नया ड्रमर मिल चुका था. चार दिन से हम सोच रहे थे, इसको बताएँ कैसे. और एक शाम ये खुद आ गया. रोते हुए बोला, मुझे माफ करो, घर के लिए बँड छोड़ रहा हूँ. हम भी रो पड़े, खुशी के मारे! उस रात इसको मटन खिलाया. यार, तू ना छोड़ता तो ये बँड छह महीने में बंद हो जाता. आज सबके सामने थँक यू!"

लोकांना वाटलं, केवढं प्रेम! टाळ्या थांबेनात. आणि मी? मी हात जोडून उभा होतो. ते मटण मी पस्तीस वर्षं दुःखाचं म्हणून सांभाळलं होतं हो! त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आठवून किती रात्री झोपलो नव्हतो. बाळ्यानं माईक बाजूला केला आणि हळू विचारलं, "तुला ठाऊक होतं ना रे? मला वाटलं, तुला सुगावा लागला म्हणून तूच मोठ्या मनानं बाजूला झालास."

"हो, हो. ठाऊक होतं की," मी म्हणालो. आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं.

खाली येऊन उरलेली गाणी ऐकली. या वेळी त्या टकल्याकडे नीट लक्ष दिलं. त्याचा ठोका एकदाही पुढं पळाला नाही. माझ्याहून कितीतरी चांगला होता तो. इतक्या वर्षांत बँडच्या कॅसेटी मी रागानं ऐकल्याच नव्हत्या, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

कार्यक्रमानंतर ऋता स्टेजमागच्या खोलीत बाळ्याशी पाऊण तास बोलली. मला आत कुणी बोलावलं नाही. गोखलेसाहेब तेवढे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सत्कार मात्र छान झाला हां!"

परतताना गाडीत ऋता थेट माझ्याशी बोलली. मधे आई नाही, काही नाही. "बाबा, आप कहते थे आपने छोड़ा, तो मैं भी छोड़ूँ. पर आपने तो छोड़ा ही नहीं. आपको तो वो पहले ही निकाल चुके थे!" आणि इतकी हसली, इतकी हसली! सुनंदाही पदरात तोंड लपवून हसत होती. मी गाडी चालवत होतो. माझं हुकमी वाक्य बाळ्यानं स्टेजवर मारून टाकलं होतं. पुढच्या सोमवारी तिनं पीएचडी सोडली.

आता ती बोलते माझ्याशी, रोज बोलते. मागच्या आठवड्यात त्यांचा ड्रमर कॅनडाला गेला. सगळ्या शहरात शोधतायत, मिळत नाहीये. परवा चहा घेताना कपाळाला हात लावून बसली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, बापच आहे मी, विचारून बघावं. जरा घसा खाकरला आणि म्हणालो, "ऋता, मी काय म्हणतो, गाणी तुमची तशी सोपीच आहेत..."

तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. दोन्ही हातांनी माझा हात धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन मराठीत बोलली.

"नको बाबा. आम्ही ड्रमचं मशीन घेतलंय."