काही त्रास नाही, साहेब!

आमच्या कोपर गावात अफवा होती की सगुणाकाकूची दिल्लीतल्या कुणा साहेबाशी ओळख आहे आणि रोज संध्याकाळी ती त्याला फोनवर झापते. ओळखबिळख काही नव्हती. तो साहेब म्हणजे फोनमधला एआय. तिच्या नवऱ्याला, पंढरीकाकांना, ऐकू यावं म्हणून आवाज फुल, त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगला तालीम पाठ.

काका तोफखान्यात होते. डावा कान तोफांनी नेला. पण निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शिस्तीत म्हणाले, "काही त्रास नाही, साहेब!" तेच कागदावर चढलं आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. काकूने एआयकडून अपील लिहून घेतलं, ओळन् ओळ कागदांशी ताडून पाहिली. उरली मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरांपुढची फेरतपासणी. मग तालमीसाठी तिने एआयलाच डॉक्टर केलं.

"काही तक्रार?" फोन गरजायचा.

"काही त्रास नाही, साहेब!" काका खाडकन उभे.

"अवो, तो फोन हाय, बसा खाली!"

शेजारी राहून काकांच्या नकला करणाऱ्या मी काकूशी पैज लावली, काका बोर्डातही हेच म्हणणार. हरलो तर महिनाभर त्यांची नक्कल बंद.

तालमीच्या सातव्या दिवशी काकूला युक्ती सुचली. "तक्रार नका करू. सायबाला रिपोर्ट द्या!"

बोर्डाच्या दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या काकूला दारातून आवाज आला, "रिपोर्ट, साहेब! डावा कान बंद! कारण, तोफ!" काकू बसल्या जागी ताठ झाली.

अपील मंजूर झालं. पेढा देताना काकू मला म्हणाली, "कर ना रं काकांची नक्कल!"

पैजेच्या महिन्याचे पंधरा दिवस झाले, तोंड दाबून बसलोय.