सुपातलं शिसं

जुनी गाडी नव्यासारखी करून घ्यायला किती खर्च येतो, असं लोक मला अजून विचारतात. काम सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी कुणीतरी पत्ता काढत येतो, आजोबांची गाडी आहे म्हणतो, फोटो दाखवतो. मी फोटो बघतो, चहा पाजतो आणि आकडा सांगत नाही. त्यांना वाटतं म्हातारा भाव खातोय. वाटू दे.

मी तिसरी शिकलेला माणूस. साताऱ्याकडून मुंबईला आलो तो थेट गॅरेजात, पत्रा ठोकायला. माझा उस्ताद जुन्या वळणाचा. सडलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडला की जोडाचा खळगा तो शिशानं भरायचा. शिशाची कांडी बत्तीच्या जाळावर मऊ करायची, चरबी लावलेल्या लाकडी फळीनं लोण्यासारखी पसरायची, गार झाली की कानशीनं घासून गाडीच्या अंगाशी एक करायची. वर रंग चढला की जोड देवालाही सापडायचा नाही. पुढं पुट्टी आली. डब्यातून काढा, थापा, घासा, दुपारपर्यंत काम तयार. दोन पावसाळ्यांत फुगून पडते, पण तोवर गिऱ्हाईक पैसे देऊन गेलेलं असतं. मी पुट्टीला हात लावला नाही. आमच्या धंद्यात मला त्याबद्दल मान होता, आणि तो मला लागायचाही.

खाडीवर पूल झाला, त्यानंतर काही वर्षांनी मुंबईतली जागा सुटली आणि मी बायकोला घेऊन बेलापूरला आलो. पनवेलच्या रस्त्याला एका गाववाल्याच्या जागेत पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, मागं एक खोली. आजूबाजूला सगळं खणून ठेवलेलं, सरकारी कचेऱ्यांचे खांब उभे राहत होते. दिवाळ्याच्या कोळीवाड्याकडून वारा सुटला की सुक्या मासळीचा वास यायचा आणि त्याच्याबरोबर खार. तो खार गाड्या खायचा. म्हणून माझं पोट चालायचं.

ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. एक साहेब ट्रकला दोरखंड लावून गाडी ओढत घेऊन आले. नुकतेच रिटायर झालेले इंजिनीअर, वसाहतीत नवीन घर घेतलेलं. गाडी त्यांच्या वडलांची, इंग्रजांच्या वेळची, बाजूला पाय ठेवायला लांब पायरी, डोळ्यांसारखे दोन दिवे. समुद्राकाठच्या गावी झावळ्यांच्या मांडवात वीस वर्षं उभी होती.

"मिस्त्री, मला ही होती तशी पाहिजे. खर्च किती येईल?"

शेजारच्या शेडमधला पेंटर तिथंच बिडी ओढत उभा होता. पक्का पुट्टीवाला. म्हणाला, "साहेब, हे शिशाचे उस्ताद हायत. तुमाला घर विकायला लावतील."

दोघं-तिघं हसले. माझ्या हातात लोहचुंबक होतं. रीत अशी, की चुंबक सगळीकडून फिरवायचं, मग चटई उचलून तळ बघायचा, गाडीखाली झोपून बघायचं आणि मगच आकडा बोलायचा. मी चुंबक दारांवर लावलं, टुकटुक चिकटलं, म्हणजे वरचा पत्रा शाबूत. पण त्या पेंटरसमोर जमिनीवर लोळायला माझं मन होईना.

"आठ हजार," मी म्हणालो. "पत्रा, शिसं, रंग, सगळं धरून. वर एक पैसा नाही."

पेंटरचं हसू बंद झालं. मला बरं वाटलं.

साहेब म्हणाले, "आधी उघडून तर बघा. मग बोला, घाई नाही."

"आमच्यात बोललेलं बदलत नाही, साहेब."

तिसऱ्या दिवशी चटई उचलली. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो बिस्किटातून जावा तसा खाली गेला. समुद्राच्या हवेनं गाडी खालून खाल्ली होती. तळ गेलेला, पायऱ्यांचा आतला पत्रा गेलेला, चारी दारांची बुडं गेलेली. वरून टणक, आत काही नाही. आठ हजारांत तिचा पत्राही पुरा झाला नसता, मग शिशाचं काय?

बायको भाकरी घेऊन शेडमध्ये आली होती, तिनं बघितलं.

"आवो, जाऊन सांगा की त्यास्नी. मानूस बरा दिसतोय. त्येच म्हनलं न्हवं, उघडून बघा म्हनून."

"मी थुंकलेलं चाटत न्हाई."

"मग शिसं काय आभाळातनं पडनार?"

"ते मी बघतो."

बघितलं तिनंच. कानशीनं घासताना निम्मं शिसं भुकटी होऊन खाली पडायचं. पेंट, गंज, माती यांच्यात मिसळून केरात जायचं. ती चार दिवस बघत राहिली आणि मग म्हणाली, "एवढं चांगलं शिसं तुमी झाडून टाकताय?" दुसऱ्या दिवसापासून गाडीखाली गोणपाट अंथरलं. संध्याकाळी ते गोळा करून ती उंबऱ्यात बसायची आणि माहेराहून आणलेल्या सुपात घेऊन पाखडायची. गंजाचा पापुद्रा, रंगाच्या खपल्या, गोणपाटाचे धागे पुढून उडून जायचे. शिसं जड, ते मागं राहायचं, करडं, चकचकीत. ते ती जुन्या कढईत घालून खोलीतल्या स्टोव्हवर वितळवायची आणि लोखंडी अँगलच्या खोबणीत ओतून कांड्या पाडायची. सकाळी तेच सूप धुवून तांदूळ. दमली की हात पदराला पुसून मिशरी लावायची, त्याच बोटानं.

मला कौतुक वाटायचं. पेंटरला मी सांगितलं, "माझी बायको शिसं पाखडते. तुझी काय करते?"

तो म्हणाला, "माझी तांदूळ पाखडते, उस्ताद. आमी गरीब मानसं."

असे सात-आठ महिने गेले. गाडी उभी राहत होती. तळ नवा, पायऱ्या नव्या, तीन दारं झाली. आधी बायकोचं पोट दुखायला लागलं. पिळा भरायचा, गुडघे पोटाशी घेऊन बसायची. ओवा खाल्ला, सोडा घेतला. तोंडावरचं रक्त उतरलं. आणि एका सकाळी ती परातीसमोर बसली नि भाकरी थापायला उजवा हात उचलला, तर पंजा उठेना. मनगटापासून खाली लोंबायला लागला. ती हसली आधी. म्हणाली, "झोपंत हात आवघडला जनू." डाव्या हातानं थापली. भाकरी तव्यावर टाकताना मोडली.

आठवडाभर वाट बघून मी तिला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात धरून बघितला, सोडला, तो पडला.

"घरात कुणी बॅटऱ्या फोडायचं काम करतं? त्या लोकांचे असे हात होतात."

"न्हाई. आपलं गाडीच्या बॉडीचं काम आहे."

"म्हणजे ते पुट्टी वगैरे?"

"पुट्टी मी वापरत नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी तिच्या हिरड्या बघितल्या. काळ्या रेघा होत्या. ते म्हणाले मिशरी सोडा, ताकदीची इंजेक्शनं देतो.

आता लिहायला बसलोय तर खरं लिहितो. शिसं हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. माझ्या उस्तादाचा हात शेवटी शेवटी असाच झाला होता. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचा. दारूनं झालं असं आम्ही सगळे म्हणायचो. तो दारू फारशी पीत नव्हता, हे मला माहीत होतं. पण एक दार आणि मागचं एक मडगार्ड बाकी होतं. शिसं विकत आणायला खिशात काही नव्हतं, साहेबांची उचल संपली होती. मी गप्प बसलो. घरी आल्यावर तिनं सूप घेतलं. एका हातानं सूप धरवेना, तेव्हा दुसरी बाजू मी धरली. दोघांनी मिळून पाखडलं.

त्याच आठवड्यात साहेब आले. गाडीखाली वाकून बघितलं, रिटायर झालेला माणूस, गुडघे टेकून.

"मिस्त्री, हे आठ हजारांचं काम नाही. मला कळतं. तीन हजार वाढवून देतो, नाही म्हणू नका."

"बोललो ते बोललो, साहेब."

बायको खोलीच्या दारात उभी होती. हात पदराखाली घेतलेला. मी तिच्याकडं बघितलंही नाही.

गाडी झाली. गर्द हिरवी, आरशासारखी. पेंटरनं बोटं फिरवून फिरवून जोड शोधला, सापडला नाही. तो एवढंच म्हणाला, "मानलं." साहेब पेढे घेऊन आले आणि म्हणाले, पहिली चक्कर तुमची, वहिनींना पण घ्या. ती नवं लुगडं नेसून मागं बसली. दिवाळ्यापर्यंत गेलो, जेट्टीजवळ थांबलो. मासळी निवडणाऱ्या बायका उठून बघायला आल्या. साहेब उतरले, मी उतरलो. ती उतरेना. दाराच्या आतल्या मुठीवर तिनं उजवा हात ठेवला होता, तो घसरून खाली आला. परत ठेवला, परत घसरला.

"वहिनी, मूठ खाली दाबा," साहेब बाहेरून म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बसल्यालं बरं वाटतंय."

साहेबांनी तो हात बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी दार उघडलं. ते दार मीच बसवलं होतं, एका बोटानं उघडायचं.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी आम्हाला मुंबईला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी हात बघितला, हिरड्या बघितल्या आणि सरळ विचारलं, "शिशाचं काम कोण करतं?"

मी तोंड उघडायच्या आधी ती म्हणाली, "हे भरत्यात. मी पाखडते."

"काय करता?"

"पाखडते. सुपात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, आधीच कळलं असतं तर हात बराचसा परत आला असता. ती माझ्याकडं वळून बघेल असं मला वाटलं होतं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

दवाखान्याच्या खर्चाला साहेबांचे ते तीन हजार मी शेवटी घेतले. घेताना मोजले नाहीत. पोटदुखी गेली. हात निम्मा आला, कप उचलण्याइतका. भाकरी थापण्याइतका कधी आला नाही. भाकऱ्या मी थापायला लागलो. ती कोपऱ्यातून बघायची. "पत्रा हाय व्हय तो, एवढं बडवताय?" म्हणायची. मी शिशाचं काम पुन्हा केलं नाही, पुट्टीचंही नाही. एका कारखान्यात गेटवर वॉचमन झालो.

मुंबईहून आलो त्या संध्याकाळी मी कढई आणि सूप गोणपाटात बांधून दिवाळ्याच्या जेट्टीवरून खाडीत टाकलं होतं. घरी आलो तर ती सूप टांगायच्या खिळ्याकडं बघत होती.

"सूप कुठं हाय माझं?"

"टाकलं. त्यात शिसं मुरलं होतं. नवं आणतो."

"आना," ती म्हणाली. "पाखडनार कोन?"