परत येऊनच घालणार

गाडीत बसण्याआधी तो चपला काढायचा, देवळात शिरावं तशा. माझ्या हत्यारांच्या पेटीपाशी जोडीनं ठेवायचा आणि बजावायचा, "मेस्त्री, हलवू नकोस हं. परत येऊनच घालणार."

शर्यत तो अनवाणीच चालवायचा. ब्रेक पायाला कळला पाहिजे, म्हणे. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो.

साठ सालाच्या पुढची गोष्ट. बेंगळुरातल्या शिवाजीनगरात माझं गॅरेज होतं. शाळा मी चौथीत सोडली, पण त्याची गाडी मी बांधली होती. एका माणसापुरती, वर छप्पर नाही, चारही चाकं अंगाबाहेर उघडी. शर्यती गावाबाहेरच्या जुन्या विमानतळावर व्हायच्या. वळणांवर तेलाची रिकामी पिंपं मांडलेली. तुमच्यापैकी कोणी त्या काळी बघायला गेलं असेल तर आठवेल, अण्णा पिंपाला चाटून जायचा पण धक्का लावायचा नाही. त्यावरच त्याचं घर चालायचं. दुसरं काही येत नव्हतं त्याला, आणि तेही तो ऐटीत सांगायचा.

एकदा पुढच्या गाडीच्या चाकानं दगड उडवला, तो त्याच्या डाव्या डोळ्याला लागला. महिनाभर पट्टी. मग आला तो नवीच मागणी घेऊन. पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेला पांढरा पट्टा मार.

"एकाच चाकाला? नवरदेवाच्या एकाच गालाला हळद लावतात का, अण्णा?"

"मार रे. शोभेला."

मारला. पुढच्या शर्यतीत त्यानं डावीकडचं पिंप उडवलं. पिंपामागं उभा राहून गाड्यांना झेंडा दाखवणारा झेंडेवाला, उडी मारली म्हणून वाचला. अण्णा हसत म्हणाला, "स्वल्प चुकलं."

आठवड्यानं गॅरेजमध्ये मी त्याच्या डावीकडून चहाचा ग्लास पुढे केला. घेतला नाही. नाकासमोर नेला तेव्हा दचकला. तेव्हा कळलं, पट्टा शोभेचा नव्हता. डावीकडचं चाक त्याला दिसतच नव्हतं, पांढरं तेवढं दिसत होतं.

तोंडानं बोलायला हवं होतं. नाही बोललो. शर्यतीच्या सकाळी तो यायच्या आत पट्ट्यावर काळा रंग फिरवला.

चपला काढून तो बसला. डावीकडे बघितलं. पुन्हा बघितलं. उतरला, वाकून टायरची कड चाचपली. बोटं काळी झाली.

"मेस्त्री..."

"त्या झेंडेवाल्याला पोरंबाळं आहेत, अण्णा."

तेवढ्यात शर्यतीचे साहेब आले. काय झालं म्हणून विचारलं. अण्णा मोठ्यानं म्हणाला, "इंजिन मिसिंग मारतंय, अडखळतंय. नाही पळणार आज."

माझं इंजिन! बेंगळुरात माझ्या इंजिनाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. वीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"हो साहेब," मी म्हणालो, "माझीच चूक."

तापलेल्या सिमेंटवरून तो अनवाणीच चालत गेला. पुन्हा गाडीत बसला नाही.

दुसऱ्या दिवशी चपला घेऊन त्याच्या घरी गेलो. दार त्यानंच उघडलं. चपलांकडे बघितलं.

"परत येऊन घालणार म्हणालो होतो. गेलोच नाही, तर परत कुठून येऊ? ठेव तुझ्याकडेच."

त्याला वाचवलं की संपवलं, अजून ठरत नाही माझं. वर्षभरात घर सोडून तो कुठे गेला, कोणाला सांगून गेला नाही. इंजिन मात्र ठणठणीत होतं. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

चपला पेटीपाशी आहेत. हलवल्या नाहीत.