दुसऱ्या ग्रहाची भाषा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला नाही सांगितली, भावाला नाही. खरं तर आहे तरी काय तिच्यात— एका मेळाव्यात जरा गंमत केली, लोक हसले, संपलं. असं मी स्वतःला किती वेळा समजावलं! पण संपत नाही ना. गाडीला किक मारताना, दाढी करताना मध्येच आठवतं आणि मी मोठ्यानं 'हट्' म्हणतो. बायको विचारते, कुणाला? मी म्हणतो, मांजर होतं.

तर ऐक. पण आधी मेळाव्याचं सांगतो. नाहीतर तुला वाटेल, मी वाईट वागायचं ठरवूनच घरून निघालो होतो.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या येड्यांचा मेळावा— आमच्या नंदुरबारात, मंगल कार्यालयात! ज्याला जे आवडतं ते होऊन यायचं. नवरीच्या खोलीत पोरं एकमेकांना शिंगं चिकटवत होती. नवापूरची मंडळी अंड्यांचे ट्रे जोडून, चंदेरी रंग मारून, अख्खी चिलखतं घालून आलेली. पुरुषोत्तमनगरहून पाच जणांचा मिळून एक ड्रॅगन आला, तो दारातच अडकला. तोंड आत, शेपूट रस्त्यावर, आणि मधला बोंबलतोय, "आरे थांबा रे, मन्हा पाय!" काळयंत्रात बसून स्वतःच्या आजोबांना भेटता येईल का, यावर दोन मास्तर असे जुंपले की हातातला चहा निवून गेला. मी शहाद्याला औषधाच्या दुकानात दिवसभर गोळ्या देणारा माणूस. इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो. हे आमच्या हिला सांगू नकोस.

सोबत रायसिंग होता. कॉलेजात होस्टेलला आम्ही एका खोलीत राहायचो. तो धडगावकडचा, पावरा आदिवासी. आता आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. या सगळ्या वेडाची लागण मला त्यानंच केली. त्या दिवशी तो रोबो झाला होता. तेलाचे डबे कापून अंगावर चढवलेले, डोळ्यांच्या जागी लाल दिवे. त्यात त्याला बसताच येईना, म्हणून बिचारा स्टेजसमोर उभाच.

आणि त्याच्या आईबद्दल सांगायला हवं. तिच्याशिवाय ही गोष्टच नाही. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी त्यांच्या घरी जायचो. मी अंगणात पाय ठेवला की ती त्यांच्या पावरी बोलीत, दर वेळी त्याच क्रमानं बोलायची— आलास? बस. पाणी पी. वाटेत ऊन लागलं का? भाकरी खाऊन जा. मला एक अक्षर कळायचं नाही. मग तिनंच बसवून शिकवलं. मी चुकलो की पदर तोंडाला लावून हसायची, पुन्हा म्हणून दाखवायची. पाहुणा आला की हेच बोलायचं, आणि पाहुण्यानं शेवटी भाकरीला नाही म्हणायचं नाही— हे पण तिनंच शिकवलं.

दुपारी वेशभूषेची स्पर्धा सुरू झाली. मी परग्रहवासी— चंदेरी कागद, डोक्याला दोन तारा. सूत्रसंचालक नाशिककडचा, तोंडाचा फटाकडा. माईक माझ्यापुढे धरून म्हणाला, "जरा तुमच्या ग्रहाची भाषा ऐकवा की!" माझी काहीच तयारी नव्हती. समोर भरलेला हॉल. आणि मी—

थांब जरा.

मी ते बोललो. तिचं. आलास, बस, पाणी पी. घोगऱ्या आवाजात, डोळे वटारून, मान वाकडी करून. पहिल्याच शब्दाला हशा. मग काय, चढलीच मला. शेवटचं वाक्य, भाकरी खाऊन जा, ते तर मी ओरडूनच म्हटलं. अर्थ काय, असं विचारल्यावर सांगितलं, "तुमच्या ग्रहाची राखरांगोळी करू!" हॉल खुर्च्यांवर थाडथाड हात आपटत होता.

"ही भाषा कुठून आणली?"

"मीच बनवली," मी म्हणालो. "व्याकरणासकट."

हो, असंच म्हणालो. व्याकरणासकट.

सूत्रसंचालक माईक घेऊन खाली उतरला, तो थेट रायसिंगपाशी. "काय रोबोमहाराज, तुम्हाला तरी कळली का ही भाषा?" मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. नुसते ते लाल दिवे, चालू-बंद, चालू-बंद. डब्यातून आवाज आला, "नाही. ही भाषा माझ्यात नाही." पुन्हा हशा. लोकांना वाटलं, काय हजरजबाबी रोबो!

त्यानं मला वाचवलं. आपल्या आईची बोली नाकारून वाचवलं. आणि मी काय केलं? बक्षीस घेतलं, फोटो काढला.

हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला कळलं नसेल का? नंदुरबारच्या हॉलात पावरी समजणारं एकही माणूस नसेल, हे कसं शक्य आहे? अजूनही बाजारात कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, की मी वाट बदलतो.

परत येताना गाडीवर मीच म्हणालो, "गंमत व्हती रे ती." मागून तो म्हणाला, "हा. भारी जमनं तुले." बस, एवढंच. तो भांडला असता तर बरं झालं असतं. कॉलेजनंतर मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा 'आहे'ऐवजी आपल्या अहिराणीतलं 'शे' म्हटलं म्हणून पोरांनी महिनोन्‌महिने माझी टर उडवली होती, रडलोय मी त्यावरून. तरी मला समजलं नाही? समजलं होतं. तेव्हाच, स्टेजवरच समजलं होतं. हशा सोडवेना, एवढंच खरं.

माझ्या त्या स्टेजवरच्या बोलण्याचा व्हिडिओ निघाला आणि फिरला. प्रत्येक मेळाव्यात आता माझी ओळख 'भाषा बनवणारे' अशीच करून देतात. मी हसून हात जोडतो. एकदाही 'नाही' म्हणालेलो नाही.

उन्हाळ्यात रायसिंगच्या बहिणीचं लग्न निघालं, म्हणून त्यांच्या घरी गेलो. भाच्याच्या मोबाईलवर आईनं व्हिडिओ पाहिला होता, हे मला तिथे पोहोचेपर्यंत माहीत नव्हतं. ती अंगणात धान्य पाखडत होती. मला पाहून उठली, पदर नीट केला. रागावलेली दिसत नव्हती. कसं सांगू— जरा बिचकलेली होती. तलाठ्याशी, दवाखान्यातल्या नर्सबाईशी ती ज्या जुळवलेल्या मराठीत बोलते, त्या मराठीत म्हणाली,

"या. बसा. पाणी घ्या."

मी बसलो. पाणी प्यालो. जेवायलाही वाढलं तिनं, पोटभर. माफी मागायला तोंड उघडलं, आणि लग्नाचा मंडप छान झालाय, असं काहीतरी बोलून बसलो.

अजूनही जातो मी त्यांच्याकडे. रायसिंग पहिल्यासारखाच बोलतो. आई मला 'तुम्ही' म्हणते.