पत्र्यांचा दोष

माझ्या धाकट्या भावाला बंदरावर सगळे कानसेन म्हणायचे. गाण्याशी त्याचा संबंध शून्य; अंघोळ करतानासुद्धा तो कधी गुणगुणला नाही. कान मात्र असा, की गल्लीच्या तोंडाशी वळणारी स्कूटर कोणाची हे तो जेवणाच्या ताटावरून सांगायचा. आई म्हणायची, "देवानं याच्या डोक्यातलं थोडं काढून कानात भरलंय." पुढे लोक त्याला पत्रेवाला म्हणू लागले. कानसेनचा पत्रेवाला कसा झाला ते सांगायला मला अठरा वर्षं उशीर झाला आहे, तेव्हा आता पाल्हाळ लावत नाही.

तो बंदरावरच्या बचाव केंद्रात रेडिओचं काम बघायचा. होड्यांवर आणि छोट्या विमानांवर संकटाच्या वेळी उपयोगी पडणारं एक बीकन असतं. विटेएवढा केशरी डबा आणि त्याला काडीसारखी अँटेना. नाव उलटून डबा पाण्यात पडला की तो आपोआप चालू होतो आणि ठरलेल्या लहरीवर ओरडायला लागतो. आपल्या साध्या कानांना त्यातलं काही ऐकू येत नाही, फक्त वरचा दिवा लुकलुकतो. रिसीव्हर लावला तर वरून खाली घसरणारा आवाज येतो, व्यूं, व्यूं, व्यूं. हल्लीची बीकनं आपण कोणाची हेही कळवतात म्हणे. तेव्हाची नुसती ओरडायची. मग माझा भाऊ एका हातात रिसीव्हर आणि दुसऱ्या हातात घडीची अँटेना घेऊन निघायचा. जुन्या टीव्हीच्या अँटेनाचं पिल्लूच ते. आवाज जिकडून मोठा येईल तिकडे चालत राहायचं.

दहातल्या नऊ वेळा शेवटी काहीच नसायचं. एक बीकन कचऱ्याच्या गाडीत सापडलं, एक न्हाव्याच्या दुकानात, कोणी ठेवायला दिलेल्या पिशवीत. एक तर त्याच्या साहेबांच्याच गाडीच्या डिकीत निघालं. साहेब आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. पण खोटं असलं तरी आधी ते शोधून बंद करायचं हा नियम, कारण जवळचं एक ओरडत असलं की लांबचं खरं ऐकूच येत नाही. "खोट्याला शोधतो ते खऱ्यासाठी," असं तो नव्या लोकांना सांगायचा.

त्याची एक रीत होती. बीकनच्या अगदी जवळ पोचलं की सगळीकडून सारखाच मोठा आवाज येतो आणि अँटेनाचा काही उपयोग राहत नाही. तेव्हा तो अँटेना काढायचा, रिसीव्हर छातीशी धरायचा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरायचा. आपलंच अंग मध्ये आलं की आवाज पडतो. जिथे सगळ्यात जास्त पडेल तिथे थांबायचं, बीकन बरोबर आपल्या पाठीमागे असतं. गल्लीतली पोरं ओरडायची, "काका, चक्कर येईल!" तो म्हणायचा, "येऊ दे. पण पडेन ते बरोबर जागी."

माझ्या नवऱ्याची एक हौसेची नाव होती. नवरा गेला, नाव विकली, बीकन घरात राहिलं. भाऊ चार वेळा म्हणाला, "ताई, ते केंद्रात आणून दे, नाहीतर मी नेतो."

"देते म्हटलं ना! मी काय कुकुलं बाळ आहे?"

पाचव्यांदा विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, "दिलं. तुमच्या केंद्रातल्याच एकाच्या हाती दिलं." कोणाच्या, हे त्यानं विचारलं नाही. ताई म्हणते म्हणजे दिलं. डबा मागच्या अडगळीच्या खोलीत रंगाच्या डब्यांमागे होता. नवऱ्याची आठवण म्हणून ठेवला होता असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं काही नव्हतं. कंटाळा होता, दुसरं काही नाही.

ज्या दिवशी कानसेनचा पत्रेवाला झाला, त्या दिवशी सकाळी अडगळीच्या खोलीतला नळ गळत होता म्हणून प्लंबर येऊन गेला. त्यानं फळीवरचं सामान इकडचं तिकडे केलं, गळतीखाली बादली ठेवली, "उद्या नवा तुकडा घेऊन येतो" म्हणाला आणि गेला. दुपारी तीनच्या सुमारास मी कॉलेजचे पेपर तपासत होते. मी तर्कशास्त्र शिकवायचे, हे मुद्दाम सांगून ठेवते. दार वाजलं. दारात भाऊ, घामाघूम, रिसीव्हर छातीशी धरलेला.

"ताई, जरा आत बघू का? वरून जाणाऱ्या विमानाला बीकन ऐकू आलंय. केंद्राच्या गच्चीवर मला गावाच्या बाजूनं जोरात येतंय. माग काढत आलो तर तुझ्याच दाराकडे पाठ केली की आवाज पडतोय."

आत घेतलं तर खोटं उघडं पडणार होतं. शेजारच्या गॅरेजसमोर त्याचा जोडीदार उभा होता, आणि शेजारीण तिच्या पायरीवर उभं राहून सगळं ऐकत होती.

"काय रे, तुझी यंत्रं नेहमी माझ्याच दारात येऊन का मरतात? दिलं म्हणून सांगितलं ना तुला? माझे साठ पेपर राहिलेत."

"नाही, म्हणजे दुसरं काही असेल घरात..."

"माझ्या घरात काय आहे ते मला माहीत आहे."

त्यानं एकदा रिसीव्हरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग गॅरेजचे पत्रे असतील," तो म्हणाला. "पत्र्यावर आपटून आवाज भलतीकडून येतो." आणि वळला. त्याच्या यंत्रानं आणि त्याच्या बहिणीनं त्याला वेगवेगळं सांगितलं होतं, आणि त्यानं बहिणीचं ऐकलं.

मी पुन्हा पेपर पुढ्यात ओढले. अर्धा तास एकच पेपर समोर होता. अडगळीच्या खोलीत गेले नाही. बघितलं नाही म्हणजे नाही, असलं तर्कशास्त्र. शेवटी राहवेना म्हणून उठले. बादली काठोकाठ भरली होती. फळीवरून घसरलेला केशरी डबा तिच्यात तिरका तरंगत होता आणि त्याचा दिवा लुकलुकत होता.

त्या क्षणी दार उघडून हाक मारायची होती, एवढंच. भाऊ हाकेच्या अंतरावर होता. मी डबा बाहेर काढला, पुसला, त्याची कळ शोधली, ती सापडेना. मग आईची लोखंडी ट्रंक उघडली, चादरींच्या खाली डबा दाबला आणि झाकण लावून वर बसले. होय, वर बसले. पन्नाशीची बाई, दोन विषयांत एम. ए.

दोन मिनिटांत दार धडधडलं.

"ताई, दार उघड!" मी उघडलं. तो माझ्याकडे न बघता आत शिरला. "आवाज असा हळूहळू गेला नाही, कोणीतरी झाकण लावल्यासारखा पडला. कुठंय?"

मी बोट दाखवलं. त्यानं चादरी उपसल्या, डबा काढला, तळाची कळ फिरवली. दिवा विझला.

रिसीव्हर मात्र थांबला नाही. माझ्या त्या खोलीत, चादरींच्या ढिगाजवळ, बारीक आवाज येत राहिला, व्यूं, व्यूं. डबा त्याच्या हातात बंद पडलेला, आणि आवाज चालूच.

"हा दुसरा," भाऊ म्हणाला. "हा समुद्रातला आहे." त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. तो धावत सुटला.

दोघांची नाव उलटली होती. बचावाची बोट पोचली तेव्हा नाववाला उलट्या नावेला धरून होता. त्याच्याबरोबरचा इंजिनवाला तिथे नव्हता. नाववाला थंडीनं बोलू शकत नव्हता, जरा वेळानं म्हणाला, "आत्ता होता. अर्ध्या तासापूर्वी माझ्याशी बोलत होता."

माझ्या दारावरच्या पहिल्या थापेपासून ट्रंक उघडेपर्यंत सदतीस मिनिटं गेली होती.

भावानं नोंदवहीत लिहिलं, "पत्र्यांवरून परतलेल्या लहरींमुळे दिशेचा अंदाज चुकला. बीकन भंगाराच्या ढिगात सापडले. मालक अज्ञात." जोडीदार तोवर गॅरेजच्या मागे शोधत होता, त्याला काही कळलं नाही. मी म्हटलं, "अरे, पण..." तो म्हणाला, "तुझी नोकरी जाईल ताई. मला फार तर बोलणी बसतील." मी नाही म्हणाले नाही. एकदाही नाही.

बोलणी बसली. चौकशी झाली. एवढा अनुभवी माणूस पत्र्यांना फसतो म्हणजे काय, असं विचारलं गेलं. त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि त्याला बॅटऱ्यांच्या खोलीत बसवलं. कानसेन गेला, पत्रेवाला आला. गोदीतले हमालसुद्धा म्हणायचे, "पत्रेवाले, आज ऊन आहे, पत्रे तापलेत, जपून!" तो हसायचा. मी ते एकदा माझ्या कानांनी ऐकलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

इंजिनवाल्याची बायको बंदरामागच्या चाळवजा घरांत राहते. भाऊ दर महिन्याला तिच्याकडे जाऊ लागला. तिचा पंखा, मिक्सर, इस्त्री, जे बिघडेल ते नीट करून द्यायचा. ती त्याला चहा द्यायची आणि म्हणायची, "भाऊजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पत्र्यांपुढे तुम्ही तरी काय करणार?" हे त्यानंच मला सांगितलं, मान खाली घालून, एकदाच.

आता तो निवृत्त आहे, माझ्याच घरी राहतो. नव्या लोकांना शिकवायला केंद्र अजून त्याला बोलावतं आणि रविवारी ते आमच्या अंगणातही येतात. तो सरावाचं बीकन कुठेतरी लपवतो आणि त्यांना छातीशी रिसीव्हर धरून फिरायला लावतो. मागच्या महिन्यात त्यांतली एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला पत्र्यांनी फसवलं होतं ना?"

"हो," तो म्हणाला. "म्हणून सांगतो. कोणी काहीही म्हणो, आपल्या यंत्राचं ऐका. घरचं माणूस म्हणालं तरी."

मी खिडकीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याला न सांगता, मी केंद्रात गेले. तिथली प्रमुख बाई त्याच्याच हाताखाली शिकलेली. तिनं जुनी वही काढली. म्हणाली, "लिहिलेलं बदलता येत नाही, बाई. खाली एक ओळ घालता येईल, सही करून." मी ओळ घातली. बीकन माझ्या घरी होतं, मी खोटं बोलले, ते ट्रंकेत लपवलं, भावाची दिशा चुकली नव्हती. सही केली. खरं सांगते, येताना पाय हलके झाले होते. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं.

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मला विचारलंस?"

"तुझं नाव साफ केलं मी!"

"माझं? चाळीस वर्षांच्या वह्यांत मी एकच गोष्ट खोटी लिहिली, ती तू आज सगळ्यांना दाखवलीस. बरं, दाखव. पण तू केंद्रात कशाला गेलीस, ताई? तिथे कोण बुडालं होतं?"

केंद्रात जाणं सोपं होतं, म्हणून गेले होते. पश्चात्तापातही मी सोयीचं दार वाजवलं.

तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी मी चपला घातल्या, तेव्हा तोही उठला आणि चाळीच्या कोपऱ्यापर्यंत आला. पुढे आला नाही.

दार इंजिनवाल्याच्या बायकोनंच उघडलं. माझ्याच वयाची, ओले हात पदराला पुसत. आत या म्हणाली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं सांगितलं.

शेवटी तिनं विचारलं, "ट्रंकेत का घातलंत? फार आवाज करत होतं का?"

"नाही. माझ्या घरात काहीच ऐकू येत नव्हतं."

"आणि भाऊजींना माहीत होतं?"

पुन्हा एकदा खोटं बोलायची संधी होती आणि या वेळी ते त्याच्यासाठी असतं.

"हो," मी म्हणाले. "त्यानं मला वाचवायला तसं लिहिलं."

"अठरा वर्षं," ती म्हणाली. "इथं बसून चहा प्यायले. मीच त्यांची समजूत काढायचे." तिनं दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं आणि आतून कडी घातली.

भाऊ कोपऱ्यावर उभा होता. दार लागलेलं त्याला तिथून दिसलं होतं, कडी ऐकूही आली असेल. त्याचे कान अजून तसेच आहेत. आम्ही घरी आलो.

तिची इस्त्री त्यानं गेल्या आठवड्यात दुरुस्त केली होती, नवी वायर घालून. ती आमच्या टेबलावर आहे. कधीतरी परत द्यायला हवी. ती कोणी न्यायची हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.