जेवणाआधीचं गाणं

इकडे परदेशात, पापाकुरा नावाच्या उपनगरातल्या आमच्या घराशेजारी एक डॅनिश गृहस्थ राहतात. तरुणपणी ते एका रॉक बँडमध्ये गायचे. युरोपात बँडचं छान चाललं होतं, पण अमेरिका जिंकल्याशिवाय या मंडळींना अन्न गोड लागेना. ही हकिकत मी कुंपणापलीकडून इतक्यांदा ऐकली आहे की कपडे वाळत घालता घालता पुढचं वाक्य मीच पुरवते. तिथल्या कंपनीने म्हणे आधी बँडचं नाव बदललं, मग यांचे केस कापले, मग गाण्याचा मधला लांबलचक भाग. एवढं करून वेळ मिळाली ती बड्या बँडच्या आधीची. लोक बिअर घेऊन खुर्च्या शोधत असायचे आणि गाणं कधी संपलं ते कुणाला कळायचंही नाही. शेवटी बँड मोडला, आणि हे बायकोच्या माहेरी, म्हणजे इथे, येऊन जॅण्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून लॉन कापू लागले.

"आमच्यासाठी न आलेल्या लोकांनी ते गाणं एकदा नीट ऐकावं, एवढंच हवं होतं," असं ते एकदा म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना चिडवलं नाही.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्यांचं गाणं ठेवायचं, असं मी नवऱ्याला बजावलं. नवरा मंडळाचा सेक्रेटरी. त्याने आपली सगळी अक्कल खर्चून गाणं ठेवलं ते बरोबर जेवणाच्या आधी. मी भडकले. "अगं, हीप्स लोक असतात, ढिगाने, तेव्हा हॉलमध्ये," तो म्हणाला. शेजारी मात्र हसून म्हणाले, ही वेळ माझ्या ओळखीची आहे.

गाणं सुरू झालं आणि आतून मसालेभाताचा वास आला. अख्खा हॉल उठला. खुर्च्या करकरल्या. रांगेत सगळ्यात पुढे मी हॉस्पिटलात काम करते तिथल्या माझ्याच वॉर्डातल्या नर्स होत्या, कुणाला बोलणार? शेजाऱ्यांनी डोळे मिटून गाणं संपवलं. टाळ्या बहुतेक माझ्याच होत्या. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात पुण्याहून आलेल्या आमच्या सासूबाई, ज्या गुडघ्यांमुळे पहिल्या रांगेतून हलल्या नव्हत्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वन्स मोअर."

आता मराठी माणूस काहीही मोडेल, वन्समोअर मोडणार नाही. हातात ताटं घेतलेले लोक जागच्या जागी वळले. वाढणाऱ्यांनी डाव खाली ठेवले. शेजाऱ्यांनी पुन्हा गाणं धरलं, आणि या वेळी तो कापलेला मधला भागसुद्धा गायले. नवरा घड्याळ बघत होता, भात गार होत होता, पण कुणी हललं नाही.

नंतर ते सासूबाईंसमोर येऊन बसले आणि गाण्यात काय आवडलं ते विचारायला मला सांगितलं. सासूबाईंना आडपडदा माहीत नाही. "आवडायला आधी ऐकू तर यायला हवं ना," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा खुर्च्यांच्या आवाजात काही कळलंच नाही, म्हणून परत म्हणायला लावलं."

हे त्यांना सांगावं की काहीतरी गोड रचावं, असा मला प्रश्न पडला. मग जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला. "अमेरिकेतही कुणाला ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले. "पण परत कुणी मागितलं नाही."